सात बोटं, दोन डोळे

आंदर मावळ
४ फेब्रुवारी २०२५

चि. मंगल हिस शिदूमामाचे अ. उ. आ.

या हातांनी आजवर केलं ते असं : नांगर एकवीस, बैलगाड्या चार, शाळेचे बाक सोळा, देवळाचा दरवाजा एक, चौकटीसकट. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. एकाही बाकात खिळा नाही, लाकडात लाकूड बसवलंय.

एवढं केलं, पण तुझा एक कागद केला नाही. तू सातवीत असताना शाळेत आधारची माणसं आली. त्याच आठवड्यात सरकारी डॉक्टरानं आपल्या बैलांच्या कानात पिवळे बिल्ले मारले आणि ढवळ्याचा कान चिघळला. मी म्हटलं, ढोराला नंबर आणि पोरीलाही नंबर? माझ्या घरात चालायचं नाही. तीन दिवस तुला घरात बसवलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं तुझी मामी तेव्हाच म्हणाली होती.

आता तू एकोणीस पूर्ण. बाप गेल्यावर त्याच्या वलवणच्या पाऊण एकरावर तुझं नाव लागायचं तर ओळखीचा कागद हवा. तुझा चुलतभाऊ निलेश सांगत फिरतो, की चुलत्याला मूलच नव्हतं. त्यानं त्या जमिनीचा पुण्याच्या माणसाकडून इसारही घेतलाय.

सोबत शाळेचा दाखला पाठवतोय. वडगावच्या केंद्रावर जा. एकटी जाऊ नकोस. दाखल्याला घडी घालू नकोस.

माया आटवू नकोस.
तुझा मामा, शिदू


तुंगार्ली
१७ फेब्रुवारी

ती. मामांस मंगलचा शि. सा. न. वि. वि.

माझ्या नावाचं सिम न्हाई आन् तुमच्या वस्तीवर रेंज न्हाई, म्हणून तर तुमाला पत्राचा मान मिळतो. बंगल्यावरचं काम बरं चाललंय. माझ्या खोलीतल्या स्वयंपाकीण नंदाबाई म्हणतात, तुझ्या मामाचं अक्षर छापल्यावानी हाय.

काल आमी दोघी केंद्रावर निघालतो. निलेश बंगल्याच्या फाटकातच उभा. कुटं निघालीस मंगे, असं आधी हसून विचारलं. मी म्हटलं, तुज्या चुलत्याला मूल व्हतं का ते बघाया. त्यानं वेणी धरली आन् कपाळ फाटकाच्या लोखंडावर दोनदा आपटलं. रक्त डोळ्यात गेलं, कायबी दिसंना. त्याचं मनगट तोंडाला लागलं ते चावलं, कातडं दातात आलं. नंदाबाईंनी पिशवीतला नारळ त्याच्या गुडघ्यावर हाणला. लंगडत गेला, पण दाखल्याचे चार तुकडे करून गेला.

पाच टाके पडले. मामीला तीनच सांगा. दाखल्याला घडी मात्र घातली नव्हती.

तुमची लाडकी, मंगल


आंदर मावळ
१ मार्च

चि. मंगल हिस अ. उ. आ.

पाच टाके तुझ्या मामीला पाचच सांगितले. मी आकडे फिरवत नाही.

शाळेतून दुसरा दाखला काढला. रजिस्टर स्वतः पाहिलं, नोंद क्रमांक २१४, तुझ्या आईचं नाव बरोबर आहे. तो दुधाच्या टेंपोतून पाठवतोय, पुठ्ठ्यात बांधून.

मंगळवारी सकाळी निलेश दोन माणसं घेऊन वस्तीवर आला. दाखला मागितला, मी दिला नाही. त्यांनी मला काठ्यांनी मारलं. डावीकडच्या दोन बरगड्या मोडल्यात. जाताना निलेशनं ढवळ्याच्या मागच्या पायावर कोयता घातला. शीर तुटली. बैल उठायचा प्रयत्न करायचा आणि पुन्हा पडायचा. दुपारी गेला. मी लाकूड तासायची वाकस उचलली होती. तुझ्या मामीनं हात धरला, म्हणून निलेशचं डोकं जागेवर आहे. तो हात तिनं का धरला, याचा मला अजून राग आहे.

तक्रार दिली आहे. तू भीत असशील तर थांब. मी काही बोलणार नाही.

शिदू


तुंगार्ली
१४ मार्च

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

अक्षर नंदाबाईंच्या लेकीचं, पिंकीचं हाय, बोलणं माजं. घाबरू नका, जित्ती हाय.

न्हाई थांबले. सोमवारी केंद्रापासल्या रस्त्यावर निलेशची जीप आडवी आली. त्यानं माजा उजवा हात दारात घातला आन् दार तीनदा आपटलं. तिसऱ्यांदा आवाज वेगळा आला. म्हणाला, आता दे बोटं सरकारला. लोक धावले, त्यांनी त्याला धरून चौकीत दिलं. तीन बोटं चेंदली, एक अर्धं काढावं लागलं.

तिसऱ्या दिवशी मी बँडेजसकट केंद्रावर गेले. नंदाबाई म्हणत व्हत्या, आधी बरी व्हय. पर निलेशची सारी हयात लोकांचे अंगठे कागदावर उठवण्यात गेली, त्याला वाटलं बोटं गेली की माणूस गेलं. मशिनवरची ताई म्हणाली, नसलेली बोटं नसलेली म्हणून लिवतात, त्याचीबी रीत हाय. तिनं सात बोटं घेतली, दोनी डोळे घेतले, आन् दोनी हातांचा फोटो काढला. पावती उशाशी हाय.

अठरा वर्सांवरच्याची खात्री करतात, म्हणून आता चौकशीचा माणूस वस्तीवर येणार. मी तुमच्या घरात जन्मले. सुईण मेली, आई मेली. तुमी सांगाल तेच धरतील.

मंगल


आंदर मावळ
२ एप्रिल

चि. मंगल हिस अ. उ. आ.

चौकशीचा माणूस काल आला. त्याला सांगितलं : श्रावण वद्य चतुर्थी, मंगळवार, पहाटे पाचच्या सुमारास, चुलीच्या उजव्या अंगाला. माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी. त्यानं लिहिलेलं मी वाचून घेतलं. एका ठिकाणी तुझ्या बापाचं नाव चुकलं होतं, ते दुरुस्त करवलं आणि मगच सही केली.

निलेश जामिनावर सुटलाय. पत्र मिळालं की नंदाबाईंच्या सोबतीनंच बाहेर पड. बोटांना खोबरेल लावू नकोस, डॉक्टरानं दिलंय तेच लाव. मामी तुला बघायला येते म्हणते.

या घराचा उंबरा तुझाच आहे, हे ध्यानात ठेव.
तुझा मामा, शिदू

ता. क. आदल्या दिवशी निलेशचा बाप रखमाजी पेढे घेऊन आला होता. चौकशीच्या माणसाला एवढंच सांगायचं, की ही पोर आम्हाला रस्त्यावर सापडली, माझ्या बहिणीची नाही. त्याचे नऊ लाख देत होता, रोख. मी नाही म्हटलं.