शेवरपाड्याच्या पानावरचं नाव

शेवरपाडे, ता. साक्री
४ मे २०२५

चि. ऋतिका हिस,
झुलाल नानांचे पोटभर आशीर्वाद.

मोबाइलवर विश्वकोश लिहिणारा काका पोस्टाने पत्र पाठवतो म्हणून हसशील. हस. एकतीस वर्षं एसटीच्या खडखडाटात कंडक्टरकी केली आणि कान तिथेच ठेवून आलो. फोनवर तू बोलतेस त्यातलं अर्धं ऐकू येतं, उरलेलं मी मनाने भरतो आणि मग घोटाळे होतात. त्यापेक्षा पत्र बरं.

पाडव्याला तू इथे आलीस आणि कॉलेजच्या लायब्ररीत पोरांना शिकवतेस तसं मला विकिपीडियावर लिहायला शिकवून गेलीस. त्यानंतर महिनाभर मी तिथल्या सरावाच्या धूळपाटीवर गिरवत होतो. ही जागा मला फार आवडली. काय वाटेल ते लिहा, चुका, पुसा, कोणी रागवत नाही. आमच्या शाळेत असं काही असतं तर मी कलेक्टर झालो असतो. शेवटी अक्षय तृतीयेच्या, आपल्या आखाजीच्या मुहूर्तावर खरं पान काढलं, आपल्या गावाचं. यंदा गुडघ्यामुळे तुझी आत्या, माझी थोरली अक्का, आखाजीला माहेरी आली नाही, घर सुनं सुनं होतं, म्हणून दिवसभर तेच करत बसलो.

सुरुवात कशी करावी सुचेना. मग आठवलं, गावातल्या बठ्ठ्या, झाडून सगळ्या लग्नपत्रिकांचा मजकूर वीस वर्षं मीच लिहितो. हात बसलेला आहे. लिहिलं, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून शेवरपाडे हे गाव डोंगराच्या कुशीत वसले असून...’ पुढे शाळा, पाझर तलाव, बुधवारचा बाजार, सगळं व्यवस्थित. आणि खाली मानकऱ्यांची नावं. सरपंच बेबाबाई, पोलीस पाटील प्रेमराज, सोसायटीचे चेअरमन, माजी चेअरमन, त्यांच्याही आधीचे. बातमी फुटली आणि ओट्यावर रांग लागली. एकाचं घातलं की दुसऱ्याचा रुसवा. बेचाळीस नावं झाली तेव्हा कुठे गाव शांत झालं. शेवटी रीतसर ओळ घातली की नजरचुकीने कोणाचे नाव राहिल्यास क्षमस्व.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर बेचाळीसच्या बेचाळीस गायब. श्रीकृपाही गेली. रानपाखरू नावाचा कोणी सदस्य आहे, त्याने पुसलं. मी परत लावली, त्याने परत काढली. असं तीनदा झालं. आता मला पिवळ्या त्रिकोणाची सूचना आली आहे. एकतीस वर्षांत मला मेमो मिळाला नव्हता, तो घरबसल्या मिळाला. हा मनुष्य कोण आहे आणि आपल्या गावाशी त्याचं काय वाकडं आहे, तेवढा तपास करून कळव.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
झुलाल नाना


जळगाव
१२ मे २०२५

ती. नाना यांस,
ऋतिकाचा वाकून नमस्कार, वि. वि.

पत्र लायब्ररीत उघडलं ही चूक झाली. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पर्यंत आले आणि मला इतकं हसू आलं की वाचत बसलेले दोन प्राध्यापक उठून बाहेर गेले.

नाना, रानपाखराचं आपल्या गावाशी काही वाकडं नाही. तोही तुमच्यासारखाच, बिनपगारी आणि हौशी. मी पान पाहिलं. शाळा आणि बाजार त्याने तसेच ठेवलेत, वर तुमचं शुद्धलेखन नीट केलंय. ही पत्रिका नाही हो, इथे कोणाला मान द्यायचा नसतो. जे लिहायचं त्याला छापील आधार हवा, तो खाली संदर्भ म्हणून द्यायचा, म्हणजे उद्या केरळातल्या माणसालाही तपासता येईल. प्रेमराजकाका पोलीस पाटील आहेत हे खरं, पण त्यासाठी त्यांना विश्वकोशात बसवत नाहीत. आणि एखादी गोष्ट पुसली गेली तर परत परत लावायची नाही, चर्चा पानावर जाऊन बोलायचं. तिथे आधी एक ‘चुकलं’ लिहून टाका.

आता दुसरी गोष्ट, आणि ती हसण्यासारखी नाही. रविवारी अमळनेरला आत्याकडे जाऊन आले. तुमचं पान तिच्या नातीने तिला आखाजीच्या दिवशीच दाखवलं होतं, बेचाळीस नावांसकट. आत्याने चष्मा लावून नावं दोनदा वाचली, एकेकावर बोट ठेवून. मग मोबाइल नातीच्या हातात दिला आणि म्हणाली की बठ्ठं गाव शे, मीच नही. त्यानंतर ती उठून स्वयंपाकघरात गेली. मला म्हणाली, झुलालला सांग, यंदा श्रावणात कानबाईच्या सणाला मी येणार नाही, ज्यांची नावं लिहिलीस त्यांना घेऊन बसव.

मी समजावून पाहिलं, ती ऐकत नाही. आता तुमचं तुम्हीच बघा.

काकूंना नमस्कार. माझ्यावरचा लोभ आहे तसाच राहू द्या, तुमच्यावर रागावले असले तरी.
आपली,
ऋतिका


शेवरपाडे
२० मे २०२५

चि. ऋतिका हिस, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. तुझ्या काकूने तर सरळच विचारलं, बेचाळीस लोक आठवले आणि थोरली बहीण आठवली नाही का. काय सांगू? पत्रिकेत लग्न होऊन गेलेल्या लेकी गावच्या यादीत नसतात, त्या त्यांच्या सासरच्या यादीत. हात तसाच चालत गेला. हे कारण आहे, पण ते मला स्वतःलाच पटत नाही.

कारण त्या पानावर मी पाझर तलावाचं लिहिलं ना, तो बहात्तरच्या दुष्काळात खोदला. आमचे आबा, मोठी भावंडं, सगळं गाव कामावर होतं. हजेरी लिहायला तालुक्याहून आलेला माणूस आजारी पडून परत गेला. अख्ख्या गावात लिहिता येणारं आणि उन्हात उभं राहणारं कोण, तर अक्का, अठरा वर्षांची. रोज सकाळी वही घेऊन बांधावर उभी राहायची आणि नावं पुकारायची. मी चौदा वर्षांचा, तिच्यासाठी पाण्याची कळशी न्यायचो. तलाव पुरा होईपर्यंत तिने हजेरी लिहिली. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं आणि गाव ते विसरलं. गावाचं सोड, मी विसरलो.

तुझं पत्र मिळालं त्याच दुपारी मी तिचं नाव पहिल्या ओळीत घातलं. तासाभरात गेलं, ‘संदर्भ हवा’ असं लिहून. मग तू सांगितलंस तसा चर्चा पानावर गेलो. आधी चुकलो म्हणालो. मग लिहिलं, आधार काय मागता, मी आधार आहे, कळशी माझ्या डोक्यावर होती. रानपाखराने फार अदबीने उत्तर दिलं. म्हणाला, काका, माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण वाचणाऱ्याला तुम्हाला भेटता येणार नाही, त्याच्यासाठी काही छापील मिळालं तर बघा. मी दोन दिवस संतापलो. धावत्या गाडीत साठ लोकांना माझा शब्द चालायचा आणि इथे चालत नाही. तिसऱ्या दिवशी वाटलं, त्याचं बरोबर आहे. माझ्याच शब्दावर चाललं असतं तर पानावर बेचाळीस मानकरी असते आणि अक्का नसतीच.

अक्काला पत्र टाकलं, माफी मागितली, तुझं नाव घालतो म्हणालो. तिने नातीकडून मोबाइलवर दोन ओळी लिहून पाठवल्या की मागून मिळालेलं आणि भावाने चिकटवलेलं नाव मला नको. बहिणीसारखी बहीण, पण ताठा सरपंचाचा आहे तिचा.

पोरी, तू लायब्ररीतली. कुठे काही छापलेलं सापडतं का बघ. कानबाईला अक्का नाही असं आजवर एकदाच झालं, दाजी गेले त्या वर्षी. ती माझ्यावर रुसून घरी बसली तर मला तो सण नको.

तुझ्याच भरवशावर असलेला,
नाना


जळगाव
१५ जून २०२५

ती. नाना यांस, सप्रेम नमस्कार, वि. वि.

सापडलं.

आधी हे वाचा, मग पुढचं. गॅझेटियर पाहिलं, त्यात नाही. दुष्काळावरची चार पुस्तकं चाळली, त्यांत मोठ्या धरणांचंच. मग एका सरांनी सुचवलं म्हणून सुट्टी काढून धुळ्याला गेले. तिथल्या एका जुन्या वाचनालयात ‘पांझरातीर’ नावाच्या बंद पडलेल्या साप्ताहिकाच्या बांधीव फायली आहेत. ग्रंथपालांनी रुमाल दिला नाकाला बांधायला. दोन शनिवार गेले. दुसऱ्या शनिवारी दुपारी, १८ मार्च १९७३च्या अंकात, तिसऱ्या पानावर, खतांच्या जाहिरातीखाली, एवढंसं. जसंच्या तसं उतरवते.

‘शेवरपाडे येथील पाझर तलावाच्या कामावर दोनशे मजुरांची हजेरी त्याच गावची अठरा वर्षांची कु. भागाबाई हिलाल देसले ही घेते. आजवर एकाही मजुराचे नाव तिच्याकडून राहिलेले नाही.’

मी वाचनालयात मोठ्याने ‘मिळाली’ म्हणाले. वाटलं आता कोणी रागावेल, पण ग्रंथपालच उठून बघायला आले.

फोटो सोबत पाठवते आहे. पण नाना, हात आवरा. हे तुम्ही पानावर घालू नका. आपल्या माणसाबद्दल आपण लिहायचं नसतं. चर्चा पानावर जा, ही माझी बहीण आहे हे आधी सांगा, अंकाची तारीख आणि पान क्रमांक द्या, आणि योग्य वाटलं तर घ्यावं एवढंच म्हणा. त्याने नाही घेतलं तर वाद घालायचा नाही. कबूल?

आत्याला मी यातलं काही सांगितलेलं नाही.

आपली मर्जी अशीच राहो, आणि या खेपेला थोडं कौतुकही लिहून पाठवा.
आपली,
ऋतिका


शेवरपाडे
२४ जून २०२५

चि. ऋतिका हिस, अनेक अनेक आशीर्वाद. कौतुक पत्रात मावत नाही, आलीस की खापरावरचे मांडे करायला सांगितलेत.

‘एकाही मजुराचे नाव तिच्याकडून राहिलेले नाही’ हे वाचलं आणि ओट्यावर बसून रडलो. तिने दोनशेतलं एक सोडलं नाही. मी बेचाळीस लिहिली आणि सोडलं ते तिचं.

तू सांगितलंस तसंच केलं. चार ओळी लिहायला एक सकाळ गेली, कारण दर वेळी हात ‘विनंती विशेष’कडे जायचा. रानपाखराने फोटो पाहिला, अंक कोणत्या वाचनालयात आहे ते विचारलं. मग तीन दिवस काहीच नाही. मी दर तासाला मोबाइल उघडायचो, तुझ्या काकूने तो पिठाच्या डब्यात लपवला. चौथ्या दिवशी पाहिलं तर तलावाच्या परिच्छेदात अक्का होती. त्याने स्वतःच्या शब्दांत दोन वाक्यं लिहिली होती आणि खाली संदर्भ, एक आकडा घालून. मला ‘धन्यवाद’चा निरोपही आला. मी उलट धन्यवाद दिले, ते बटण आता मला सापडलं आहे.

गावात मात्र मजा आहे. अख्ख्या पानावर माणसाचं नाव म्हणून एकच, तेही बाईचं, तेही सासरी गेलेल्या लेकीचं. माजी चेअरमन म्हणाले हा पक्षपात आहे. प्रेमराज आधार म्हणून स्वतःच्या मुलाची लग्नपत्रिका घेऊन आला, छापीलच आहे म्हणाला. ती मीच लिहिलेली होती. बेबाबाई तेवढी म्हणाली की बरं झालं, आणि आपल्या दोन्ही सुनांना ते पान वाचून दाखवलं.

पानाची छापील प्रत काढून पाकिटात घालून अमळनेरला पाठवली आहे. सोबत एक अक्षर लिहिलं नाही. माझ्या लिहिण्याने आधीच पुष्कळ झालं.

माझी अक्का येते का ते देव जाणे. तू मात्र ये.
तुझा,
नाना


अमळनेर
७ जुलै २०२५

चि. झुलाल यास,
अक्काचा आशीर्वाद. भावजय रत्नाला आणि पोराबाळांनाही.

तुझं पाकीट मिळालं. आत चिठ्ठी नव्हती हे बरं केलंस, असती तर न वाचता परत केली असती. कागद पाहून आधी वाटलं, हा पत्रिकेवाला, साक्रीच्या प्रेसमधून स्वतःच छापून आणलं असेल. म्हणून नातीला मोबाइलवर उघडायला लावलं. तिथेही तेच. मग विचारलं हे कोणी लिहिलं, तर तिने इतिहास म्हणून एक यादी दाखवली. रानपाखरू. मी त्याला पाहिलं नाही, त्याने मला पाहिलं नाही, त्याला माझ्याकडून काही नको. तेव्हा माझी खात्री पटली.

झुलाल, तुला खरं सांगते. ते नाव वाचलं आणि मी हमसून रडले. सून गॅस बंद करून धावत आली. एक्कावन्न वर्षं झाली लग्नाला. रेशनकार्डावर, बँकेत, मतदार यादीत, दवाखान्याच्या कागदावर मी तुझ्या दाजींच्या नावाने आहे. दाजी भला माणूस होता, त्या नावाबद्दल माझी तक्रार नाही. पण बांधावर वही घेऊन उभी असायची त्या पोरीचं नाव वेगळं होतं, आणि ते मीच विसरले होते. लोक कुदळी खाली ठेवून हाजिर म्हणायचे. आबासुद्धा म्हणायचे. मला बापाची हजेरी घ्यायला लाज वाटायची, आणि ते सगळ्यांत मोठ्याने ओ द्यायचे.

एक चूक आहे. छापलंय दोनशे, होते दोनशे सोळा. नातीला म्हटलं दुरुस्त कर, तर ती म्हणते आजी, आधार दे. राहू दे दोनशे.

मी कानबाईला येते आहे. श्रावणातल्या रविवारी देवी बसेल ना, मी त्याआधी गुरुवारीच येईन, धुळ्यावरून. स्टँडवर रिक्षा आण, मोटरसायकल नको, गुडघा वाकत नाही. चेअरमनला आणि प्रेमराजला रुसू देऊ नकोस, त्यांच्याशी मी बोलते. हारतुरे केलेस तर तशीच परत फिरेन. पण तलावावर मात्र ने मला. पायऱ्या उतरवल्या नाहीत तर नाही, वरूनच बघेन.

राग गेला. माया कुठे गेली नव्हती, तीही तशीच असू दे.

तुझी बहीण,
भागाबाई हिलाल देसले