विहीणबाई माझ्या खुर्चीत

प्रिय टिकले,

कळवण्यास अत्यंत खेद होतो की माझी खुर्ची गेली. खिडकीजवळची, हात घासून गुळगुळीत झालेली, जिच्यात तुझ्या बाबांनाही बसायची परवानगी नाही, तीच. कालपासून तिच्यात तुझ्या होणाऱ्या सासूबाई पाय वर घेऊन बसल्यात आणि मी स्टुलावर. पाठ कुरकुरतेय. दाद मागायची कुणाकडे?

दोष तुझाच. "तुमचं दोघींचं जमलं तर सगळ्यांना बोलावून लग्न, नाहीतर आम्ही गुपचूप सह्या करून मोकळे," असं फोनवर धमकावलंस. वर जीभ आवर म्हणालीस, आणि माझ्याकडून चार स्पॅनिश शब्द घोकून घेतलेस. बेन म्हणजे ये. पासा, आत हो. सिएन्ताते, बस. कोमे, खा. अहोजाहो नको हं, त्यांच्यात घरच्या माणसाला तूच म्हणतात! विहिणीला पहिल्याच भेटीत अगंतुगं? तुझे बाबा "मी यात नाही" म्हणत पेपरामागे दडले.

पण बाई गं, मी शाळेत खेळ शिकवते. हुकूम सोडायचाच मला पगार मिळतो. दार उघडलं तर ती बॅग धरून अवघडून उभी, आणि घाबरून माझा थेट मैदानावरचा आवाज लागला. पासा! ती आत. सिएन्ताते! ती दिसेल त्या खुर्चीत, म्हणजे माझ्या, धप्पकन. कोमे! तिनं घास घेतला. घाबरून बाबांनीही घेतला. मग ती माझ्याकडे टक लावून बघायला लागली. मला वाटलं, झालं, मोडलं लेकीचं लग्न. तेवढ्यात ती अशी खदखदून हसली की डोळे पुसायला माझाच रुमाल ओढला. आणि उठून, माझ्या हातातला डाव काढून घेत, मलाच ठणकावलं: सिएन्ताते! कोमे! या घरात मला कुणी "बस, खा" म्हटल्याला किती वर्षं झाली, आठवत नाही. मी निमूट बसले. पोटभर जेवले. बाबा अजून सावरलेले नाहीत.

हॉटेलची खोली तिनं रात्रीच सोडली. आता खुणा करकरून, हातवारे करकरून, कुणाकुणाला बोलवायचं यावर आम्ही दोघी कडाकडा भांडतोय. म्हणजे जमलं. तुझ्या सह्या राहू देत तुझ्यापाशी.

तुझ्या चारांपैकी एक शब्द मात्र वापरायचा राहिला, कारण ती आधीच आलेली होती. उसना ठेवायची मला सवय नाही. तुझा तुला परत करते, आणि यावेळी आवाज न चढवता.

बेन.

तुझीच,
स्टुलावरची आई