मांगरातला दाजी

श्री

कांडला, ता. २ सप्टेंबर १९५६

ती. अक्कास,
धाकटा भाऊ बाबली याचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

म्हणजे तूसुद्धा शेवटी बाबांचीच झालीस! मी विचारलं होतं एकच, दाजीला घरात घेतलं का. तू लिहितेस भात बरं आहे, गाय व्याली, आणि दाजी अजून परसातल्या मांगरातच आहे. गायीला गोठा धुऊन दिलात ना गो? आणि आपला थोरला भाऊ गवताच्या भाऱ्यांत निजतो!

त्याचा गुन्हा तरी काय? मे महिन्यात, बंदर बंद व्हायच्या तोंडावर, त्या भाईशेटने आपल्या गलबतात जळाऊ लाकडं भरली आणि वर माणसं भरली. मुंबईला गिरणीत जाणारी आपल्याच वाडीची पोरं. विजयदुर्गाबाहेर खडकावर गलबत फुटलं. दाजी डोलकाठीबरोबर वाहत गेला, मंगळूरकडच्या गलबताने उचलला, तिकडे तापाने अंथरुणाला खिळला. उठून चालायला लागला तसा भर पावसात तळेऱ्यापर्यंत आला, पुढे पायी घर गाठलं. आणि दारात बाबांनी हात आडवा केला!

का, तर देवळात कौल लावला होता. दाजी जिता आहे का म्हणून विचारलं आणि डावं फूल पडलं, म्हणजे नाही. झालं. दर्भाचा दाजी करून जाळलात, बारावं घातलंत, मथुरावहिनीच्या बांगड्या फोडल्यात. आता म्हणे मेलेला उंबरठा ओलांडत नाही. भटजी सांगतात आधी त्याचं पुन्हा बारसं करा, मग वहिनीशीच त्याचं पुन्हा लग्न लावा, आणि मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर. फूल चुकलं म्हणायला बाबांची जीभ एवढी जड का? देव खोटा पडू नये म्हणून पोरगा मेलेला राहू दे? मी तिसरी नापास, पण जिता कोण आणि मेला कोण एवढं मला कळतं.

बाबांना सांग, चवथीला दाजी गणपतीपुढे बसला नाही तर बाबली पुन्हा त्या घराची पायरी चढणार नाही.

माया शिल्लक असली तर ठेव, नसली तर तीही मांगरात टाक.

तुझा
बाबली


श्री

वाडी, ता. १२ सप्टेंबर १९५६

चि. बाबलीस,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं, एक शब्द गाळला नाही. ऐकून पोरावर रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, झील माझोच, तोंडय माझांच.

मेल्या, तू लांबून भांडतोस. इथे यशोदाकाकीचा बाबू त्याच गलबतात होता, तो आला नाही. दाजी आला त्या दिवसापासून काकीने आपल्या विहिरीवर येणं सोडलं. बाबांना कौलापेक्षा तिचं तोंड बघणं जड जात होतं. ते तुला कांडल्याहून कसं दिसणार?

आता ऐक. चवथीच्या सकाळी बाबा गणपती घेऊन आले. घरात गणपतीच्या डोक्यावरची माटवी फळाफुलांनी सजवून तयार. उंबऱ्याशी थांबले, वळले, आणि गणपती थेट मांगरात नेऊन बसवला. भटजी धावत आले. बाबा त्यांना म्हणाले, मेलेल्यान घरात येवचा नाय, ह्या तुमी सांगितलास. देवान खंय जावचा नाय, ह्या कोणी सांगूक नाय.

मग वाडी कुठे जाणार? सगळी आरतीला मांगरात. दाजीच्या मांडीला मांडी लावून वाटाण्याची उसळ खाल्ली, दोनदा मागून घेतली. शेवटी यशोदाकाकी आली. आरती संपेपर्यंत दारातच उभी. मग दाजीसमोर बसली आणि विचारलं, माझो बाबू भियालो काय रे? दाजीने मान हलवली. म्हणाला, नाय गो काकी, डोलकाठीक माका त्येनाच बांधल्यान. काकीने आपल्या पानातला मोदक उचलून दाजीच्या हातावर ठेवला. काल ती विहिरीवर आली.

बारसं दसऱ्याला, लग्न तुळशीनंतर. तोवर दाजी मांगरात, त्याला इलाज नाही. वहिनी दोन वेळा ताट घेऊन जाते आणि ताट घासून पुसून घेऊनच परतते. बाबा तेवढा वेळ माडांकडे बघत बसतात. करवली मीच, आधीच सांगून ठेवते.

जेवत जा. राग पोटात ठेवून पोट भरत नाही.

तुझी
अक्का


श्री

कांडला, ता. २० सप्टेंबर १९५६

ती. अक्कास,
बाबलीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून मी धक्क्यावर बसून रडलो, हे बाबांना कळू देऊ नकोस.

पण राग गेला म्हणून समजू नका. बाबांवरचा निम्मा उतरला तो भाईशेटवर चढला. तो आरतीला आला होता का, ते तू लिहिलं नाहीस. आला असेल तर त्याला उसळ कोणी वाढली? दाजी वाचला तो मांगरात, बाबू बुडाला तो समुद्रात, आणि ज्याने माणसं लाकडांवर रचली तो झोपाळ्यावर! त्याच्या नावाने कौल लावायला कोणी गेलं नाही.

मी लग्नाला येतो. दुसऱ्या दिवशी यशोदाकाकीला आणि दाजीला घेऊन भाईशेटच्या दारात उभा राहणार. गलबतातलं कोणी उरलं नाही, विचारणारं कोणी नाही, असं तो बंदरावर सांगत फिरत होता ना? मेलेला माणूस साक्षीला आलेला त्याने अजून बघितला नसेल. बाबांनी तेव्हा हात आडवा करू नये. यायचं असेल तर पुढे चालावं.

सगळ्यांनी जीव लावून असावं. मी भांडतो म्हणून लांबचा धरू नये.

तुझा
बाबली

ता. क. दाजीच्या बाराव्याला मी चाळीस रुपये पाठवले होते. ते विसरा. आज मनीऑर्डर केली आहे ती त्याच्या लग्नाच्या आहेराची, म्हणून एक रुपया वर. एक्केचाळीस.