चार दिवसांत वाढलेली मुलगी

गुरुवार, संध्याकाळ. इंदूर

मीनलच्या परग्रहावरच्या मालिकेचं परीक्षण पाच वाजता पाठवलं. वेळेत, नेहमीसारखं. मग हे जळणं कशाचं?

माझ्या हाताखाली लिहायला शिकलेली मुलगी. आता तिची मालिका घरोघरी बघतात आणि मी अजून टीव्हीचं सदरच लिहितोय.

परीक्षणातले आक्षेप खोटे नाहीत. अंड्यातून निघालेली पोर चार दिवसांत तरुण होते. खाते काय? रोज वाटीभर निळी पेज. मग एवढं शरीर आलं कुठून? बोलायला कोणी शिकवलं? हे सगळं लिहिलं, अगदी चवीने लिहिलं.

टोपड्याचं मात्र लिहिलं नाही. आई पोरीसाठी टोपडं शिवायला घेते आणि शेवटचा टाका घालेपर्यंत डोकं त्यात मावेनासं होतं. ती टोपडं घडी करून ठेवते.

बायकोने परीक्षण वाचलं. म्हणाली, "अहो, टोपड्याचं कुठे आहे? ते बघताना तर तुम्ही पाणी प्यायच्या बहाण्याने उठला होतात."

"जागा नव्हती."

"रहने दो! पेजेला बरी जागा मिळाली."

हे टोपडं तिच्याआधी मला का सुचलं नाही? इतकी वर्षं लिहितोय, आमचीही मुलगी बघता बघता मोठी झाली.

शेवटी संपादकांना फोन करून दहा मिनिटं मागून घेतली. टोपड्याचं वाक्य सगळ्यात वर घातलं. तीनदा खोडून लिहिलं, तरी मीनलइतकं जमलं नाही. तसंच पाठवलं.