फोटोतलं रेडकू

प्रिय आत्याबाई,

आज दुपारी बारामतीहून तुमचा मोठा केलेला फोटो घरी आणला. ह्यांनी पडवीच्या भिंतीला खिळा मारला आणि फोटो वर चढला. सुनेनं सासूला सांगायला नको का? म्हणून लिहायला बसले.

माझा तो छोटा कॅमेरा आठवतो ना? "झूम न्हाय, भिंग बदलता येत न्हाय, मग घेतला कशाला?" असं हे चिडवायचे. मी म्हणायचे, त्यात काय, आपणच जवळ जायचं! तुम्हाला मात्र ते पटलं होतं. कुणी मोबाइल धरला की तुम्ही तोंडावर पदर घ्यायचात, आणि मला म्हणालात, "तू काढ. तू चोरून न्हाय काढत, म्होरं यिऊन काढतीस."

पण धड फोटो काढू दिलात का कधी? कॅमेरा दिसला की ताठ, जणू कचेरीत साहेबापुढं उभ्या!

मग ती सकाळ. उसाच्या तुऱ्यांवरचं कोवळं ऊन टिपून मी परतत होते. गोठ्यात म्हैस नुकतीच व्याली होती आणि रेडकू निपचित पडलेलं. श्वासच नव्हता. माझा हात आपसूक कॅमेऱ्याकडं गेला.

"ते ऱ्हाऊ दे! पोतं आण, पळ!"

तुम्ही बोटांनी त्याचं नाक-तोंड साफ केलंत, नाकपुडीत गवताची काडी फिरवलीत. मी पोत्यानं बरगड्या चोळत होते. काहीच होईना. म्हैस दावं ताणून ओरडत होती. मला वाटलं, गेलं. तुमचे हात काही थांबले नाहीत.

आणि ते शिंकलं! अंगातून वाफा निघत होत्या, मान डुगडुगत होती. त्यानं डोळे उघडले.

"आता काढ," तुम्ही हळूच म्हणालात.

हातभर अंतरावर बसून मी एकच फोटो काढला. आत्याबाई, तुमच्या हाताखाली किती म्हशी व्याल्या असतील! तरी तुमच्या चेहऱ्यावर केवढं नवल होतं! जगात पहिल्यांदाच काही जन्माला आल्यासारखं. मी रेडकाला विसरून तुमच्याकडंच बघत राहिले.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला, तर स्वतःकडं पाहिलंतच नाही. "बघ की, कसं टुकूटुकू बघतंय!" एवढंच.

दिवाळीनंतर एका दुपारी जेवून जरा आडव्या झालात, त्या उठल्याच नाहीत. मी इंदापूरला बाजारात होते. एवढी कसली घाई होती हो?

बारामतीचा फोटोवाला म्हणाला, "रेडकू काढून टाकतो, मागं निळा रंग देतो. भिंतीला शोभंल." मामंजीही सोबत आले होते. तुम्ही गेल्यापासून ते कुणाशी धड बोललेले नाहीत. ते खुर्चीतून उठले.

"रेडकू काढलं, तर ती बघंल कुणाकडं?"

त्यानं काही काढलं नाही.

मघाशी शेजारच्या हौसाकाकू आल्या. फोटोपुढं कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. जाताना म्हणाल्या, "माझाबी काढ गं. पर मला बघाय मिळंल, असा आत्ताच काढ."

उद्या सकाळी त्यांच्या चुलीपाशी जाणार आहे. आळीतली जी बाई म्हणेल, तिचा तिच्या कामात फोटो काढीन आणि तो तिच्याच हातात देईन. हा शब्द तुम्हाला देते.

तुमची सून,
सुरेखा
कळस, ता. इंदापूर