आपली चार नावं आणि डल्सीमावशीचं पुस्तक

आदरणीय नोरीनताईला धाकट्या मर्विनचा लवून नमस्कार.

ताई, गुडघा कसा आहे? इकडे नदीला पाणी आहे, मासे लागतायत, रविवारी कांगारूची शेपटी निखाऱ्यात भाजली तेव्हा तुझी आठवण निघाली. एकूण मी सोडून सगळे सुखरूप आहेत.

तुला माहीतच आहे, डल्सीमावशी तीन वर्षं त्या विद्यापीठाच्या हेलनबाईंपाशी बसून आपली भाषा उतरवून देतेय. (तिच्याएवढी ती आता कुणालाच येत नाही. मला येते ती शिव्यांपुरती.) पुस्तक छापायला निघालं आणि मुखपृष्ठावर भाषेचं नाव काय घालायचं, इथे घोडं अडलं. जुन्या कागदांत आपल्या लोकांची तीन नावं निघाली. त्यातली दोन ठेवली मेंढरांच्या गोऱ्या मालकांनी. एक नदीपलीकडच्यांनी दिलेलं, बिर्राकू, म्हणजे चिखलातले. (ते स्वतः कुठले संगमरवरावर राहतात?) चौथं आपलं, युंगारिल, ते कुणी कधी विचारलंच नाही.

ही करणी आजोबांची. वही घेऊन एक साहेब आला, म्हणाला, तुम्ही अमुकच ना? आजोबा म्हणाले, हो. दुसऱ्याने तमुक विचारलं, त्यालाही हो. परक्याला तोंडावर नाही म्हणायचं नाही, म्हणजे तो खूश होऊन लवकर जातो, ही आपली रीत. त्यांनी ते 'हो' छापून टाकलं, आणि आता छापलंय म्हणून ते खरं!

तर पुस्तकाच्या समितीपुढे आपलं नाव मांडायला मला धाडलं. नवा शर्ट घातला, वाटभर भाषण घोकलं. हेलनबाई फार गोड गं. चहा दिला, केक दिला आणि म्हणाल्या, "मर्विन, सगळीकडे बिर्राकूच आहे, तेच ठेवलं तर चालेल ना?"

मी हो म्हणालो. (तोंडात केक होता. पण खोटं कशाला बोलू, रिकाम्या तोंडानेही तेच म्हणालो असतो.)

बाकी ठीक. मुलांना पापा.

तुझा,
मर्विन

ता. क. : शुक्रवारी छपाई आहे. आपल्या घरात तोंडावर नाही म्हणणारी तू एकटीच. (पोलिसाला, पाद्र्याला आणि पहिल्या नवऱ्याला म्हणून झालंय.) गुरुवारची बस पकड.

आणखी एक : काल मुखपृष्ठाचा नमुना आला. मावशीला आता दिसत नाही. मरायच्या आधी आपल्या नावाचं पुस्तक हातात घ्यायचं, एवढंच ती मागत होती. तिने कागदावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "आपलंच नाव आहे ना रे?"

मी हो म्हणालो. ताई, मावशी काही परकी नाही गं. ये लवकर.