माझी इस्त्री, ह्यांची बेल

३ फेब्रुवारी, मंगळवार

इस्त्री गायब! सापडली कुठे? मोरीत. आमचे हे स्टुलावर बसून तांब्याच्या पत्र्यावर फिरवतायत. “बेलचं सर्किट छापतोय,” म्हणाले. तीस वर्षं लोकांचे मीटर वाचले, रिटायर झाले आणि एकदम शास्त्रज्ञ! दारावरची बेल बंद पडून तीन महिने झाले. बाजारात ढिगानं मिळतात. तसं सांगितलं तर म्हणे, “नव्या बेलनं भागणार नाही.” का नाही भागणार? तर परत इस्त्री फिरवायला लागले.

४ फेब्रुवारी

रीत कळली. झेरॉक्सवाल्याकडून नकाशा गुळगुळीत कागदावर छापून आणायचा, तांब्यावर पालथा घालायचा, वरून इस्त्री. शाई तांब्याला चिकटते. कागद भिजवून सोलायचा आणि पत्रा ॲसिडात. शाईखालचं तांबं राहतं, बाकीचं विरघळतं. छान! पण गुळगुळीत कागद कुठून आणला? माझ्या फॅशनच्या मासिकातून! बाह्यांचे सगळे नमुने गेले. वर इस्त्रीच्या तळाला काळं. डॉक्टरीणबाईंच्या, माझ्याकडे शिवायला टाकलेल्या पांढऱ्या कोटावर पट्टा उमटला, तो घासण्यात माझी दुपार गेली.

६ फेब्रुवारी

दाराखाली चिठ्ठी. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंची — “दोनदा बेल वाजवली. कोणी आलं नाही. सोळा तारखेला शेवटचं येते.” बँडचे चाळीस कोट! वर्षातलं सगळ्यात मोठं काम. आणि वाजवली म्हणे! बंद बेल वाजते होय? मी दिवसभर मशीनवर बसलेली, हे मागच्या दारी ॲसिड ढवळतायत. गिऱ्हाईक सरळ समोरच्या नव्या टेलरकडे जातं. तीन महिन्यांत सहा जणी गेल्या. दार उघडं ठेवावं तर रस्त्याची धूळ कापडावर. हे काम गेलं तर मशीन झाकून ठेवायचं, दुसरं काय!

संध्याकाळी लेकीचा फोन. हल्ली तीही तोंडातल्या तोंडात बोलते. बाप उलटा — एवढंसं घर, पण बोलणं असं की मी नदीच्या पलीकडे उभी आहे.

९ फेब्रुवारी

पत्रा तयार! साहेब खूश. मग त्यावर सर्किटचा एक बारका भाग बसवायला घेतला तर त्याचे पाय भलत्याच भोकांत. दोन तास डोकं धरून बसले. चहा द्यायला गेले, बघितलं — “अहो, हे उलटं झालंय.”

“काय उलटं?”

“सगळंच. कागद पालथा घातलात ना? मग छापताना आरशातल्यासारखं छापून घ्यायला नको? दोन्ही बाह्या उजव्या कापल्यात तुम्ही!”

पत्रा उलटसुलट करून बघितला. मग हळूच काहीतरी म्हणाले. “मोठ्यानं बोला की!” मी म्हटलं. मोठ्यानं बोलले — “तुझं बरोबर आहे.” अडतीस वर्षांत पहिल्यांदा! म्हणून इथे लिहून ठेवते.

१२ फेब्रुवारी

दुसरा पत्रा सुलटा, पण रेघा तुटक. तुटणारच! इस्त्री रगडतात, फरशी पुसल्यासारखी. शेवटी हातातून काढून घेतली. कॉलरच्या आत कडक बकरमचं कापड चिकटवताना घासायचं नसतं. दाबायचं, दहा मोजायचे, उचलायचं, पुढे ठेवायचं. वाफ बंद. मग वर जड पुस्तक ठेवून गार होऊ द्यायचं. कागद सोलला तर एकही रेघ तुटलेली नाही!

हे माझ्याकडे बघतच राहिले. डोळे ओले? ॲसिडचा वास असेल. “बघताय काय, भोकं पाडा!” म्हटलं.

१४ फेब्रुवारी

बसवलं एकदाचं. बेलला जोडून माझ्या मशीनसमोर भिंतीवर लाल दिवा. “ही रोषणाई कशाला?”

“बेल दाबली की लागेल.”

“आणि वाजणार कधी?”

स्क्रू आणायचे आहेत म्हणून बाहेर निघून गेले. स्क्रूंचा डबा टेबलावर भरलेला होता!

१६ फेब्रुवारी, सोमवार

दिवा लागला! धावले. दारात मुख्याध्यापिकाबाई! चाळीस कोट माझे. मापं गुरुवारी. समोरचा टेलर बसला हात चोळत!

ह्यांना म्हटलं, “शाबास. पण काम अर्धंच केलंत. दिवा लागतो, बेल अजून मुकीच.” हसले नाहीत. “उद्या सकाळी बघू,” एवढंच म्हणाले.

१७ फेब्रुवारी

हे बाहेर उभे राहून बेल दाबत होते. मला स्टुलावर चढून बेलच्या डब्यावर हात ठेवायला सांगितलं होतं. डबा हाताखाली थरथरत होता. शेजारीण कानावर हात ठेवून खिडकीत आली, काय चाललंय बघायला. मला काहीच ऐकू येत नव्हतं.